बोटीवर सुचलेलं गणित, ज्याच्या जोरावर आज विश्व मोजलं जातं

३१ जुलै १९३०. मुंबई बंदरातून केंब्रिजला निघालेला १९ वर्षांचा एक मद्रासी पोरगा बोटीत बसला. नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. सी. व्ही. रमण यांचा पुतण्या. बोटीवर वेळच वेळ होता, म्हणून पठ्ठ्या ताऱ्यांचं गणित मांडत बसला.

इंधन संपलं की सूर्यासारख्या ताऱ्याचा गाभा उरतो, त्याला म्हणतात श्वेत बटू. आकार पृथ्वीएवढा, वस्तुमान सूर्याच्या आसपास. सगळ्याच ताऱ्यांचा शेवट असा शांतपणे होतो, असं तेव्हा समजलं जायचं. चंद्रशेखर यांनी त्यात आइनस्टाइनची सापेक्षता घातली आणि उत्तर भलतंच आलं. श्वेत बटूच्या वस्तुमानाला मर्यादा आहे! आज ती सूर्याच्या साधारण १.४ पट मानतात. त्यापेक्षा जड असेल तर तो टिकूच शकत नाही.

११ जानेवारी १९३५ ला लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्यांनी हे मांडलं. लगेच पुढचं भाषण होतं आर्थर एडिंग्टन यांचं. ताऱ्यांच्या अभ्यासातलं तेव्हाचं सगळ्यात मोठं नाव. गेले काही महिने हेच एडिंग्टन चंद्रशेखर यांच्या आकडेमोडीची जवळून चौकशी करत होते, पण मनातलं काही बोलले नव्हते. भरसभेत त्यांनी त्या गणिताची खिल्ली उडवली, सभागृह हसलं. चंद्रशेखर तेव्हा फक्त २४ वर्षांचे होते. बोर, पाउली यांच्यासारख्या दिग्गजांना खाजगीत त्यांचं पटत होतं. उघडपणे मात्र कुणी बोललं नाही, आणि हेच जास्त लागणारं होतं.

१९३७ मध्ये ते शिकागो विद्यापीठात गेले. १९३९ मध्ये सगळं एका पुस्तकात लिहिलं आणि दुसऱ्या विषयाकडे वळले. एडिंग्टन यांच्याशी मैत्री मात्र तोडली नाही. नोबेल मिळालं थेट १९८३ मध्ये.

आता या गणिताचा अंतराशी काय संबंध? तर श्वेत बटू शेजारच्या ताऱ्याकडून वायू ओढत त्या मर्यादेजवळ पोहोचला, की त्याचा स्फोट होतो. (दोन श्वेत बटू एकमेकांवर आदळूनही असे स्फोट होतात.) हे स्फोट जवळपास सारखेच तेजस्वी असतात. थोडाफार फरक असतो, पण जो सावकाश विझतो तो जास्त तेजस्वी, हे माहीत असल्यानं तो दुरुस्त करता येतो. मग दिसायला जितका मंद, तितका तो लांब. रस्त्यावरचे दिवे बघून अंदाज बांधतो तसंच.

२१ ऑगस्ट १९९५ ला चंद्रशेखर गेले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९८ मध्ये, दोन वेगवेगळ्या गटांनी दूरचे असे स्फोट मोजले. ते अपेक्षेपेक्षा मंद निघाले, म्हणजेच जास्त लांब. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय, हे तेव्हा कळलं.