ॲमी जॉन्सन आणि उतरण्याची विद्या

सायकल शिकलेल्या भगिनींना ठाऊक आहे, चालवता येऊ लागली तरी उतरायचे धैर्य लवकर होत नाही. इंग्लंडच्या ॲमी जॉन्सनचे विमानाच्या बाबतीत नेमके तेच झाले.

हल शहरात मासळीच्या व्यापाऱ्याच्या घरी १९०३ साली तिचा जन्म झाला. पदवी घेऊन ती लंडनला एका वकिलाच्या कचेरीत नोकरीस लागली आणि १९२८ च्या सप्टेंबरात स्टॅग लेन येथील क्लबात विमान शिकू लागली. तिच्यासारखे इतर जण आठ-दहा तासांच्या शिकवणीनंतर एकटे उडत. हिला जवळजवळ १६ तास लागले. घोडे अडे ते उतरताना.

तिचे 'मॉथ' विमान हलके, वर-खाली दोन पंखांचे. उतरताना वेग फार घटला की पंखांखालचा वाऱ्याचा आधार सुटतो आणि विमान कोसळते. वेग जास्त राहिला, तर ते जमिनीला टेकतच नाही, मैदान संपेपर्यंत तरंगत जाते. म्हणून नाकाचा कल सांभाळीत ताशी साठ मैलांच्या आसपास वेग राखून खाली यायचे, आणि जमीन हाता-दोन हातांवर आली की सुकाणूचा दांडा हळूहळू मागे ओढून चाके व शेपटी एकदम टेकवायची. एवढे करून विमानाला ब्रेक नाहीत! चुकीचा हिशेब मैदानाच्या टोकालाच कळायचा.

९ जून १९२९ रोजी ती एकटी उडाली. त्याच वर्षी विमानदुरुस्तीचा परवानाही तिने मिळवला. ब्रिटनमध्ये तो मिळवणारी ती पहिलीच स्त्री.

५ मे १९३० ला 'जेसन' नावाचे आपले मॉथ घेऊन ती एकटीच ऑस्ट्रेलियाला निघाली. सहाव्या दिवशी कराची. पुढे अलाहाबाद गाठण्याआधीच पेट्रोल संपत आले, तेव्हा झाशीला पलटणीच्या मैदानावर उतरली. रंगूनजवळ इन्सीनला फुटबॉलचे मैदान अपुरे पडले. विमान चरात गेले, पंखा मोडला, पंखाचे कापड फाटले. पहिल्या महायुद्धातल्या विमानाच्या कापडाचे शिवलेले सदरे तिथे कुणाकडे होते, तेच फाडून ठिगळे लावली, असे सांगतात. ठिगळाला नावे ठेवणाऱ्यांनी हे ऐकावे.

२४ मे रोजी ती डार्विनला पोहोचली. इंग्लंडहून एकटीने तिथवर उडालेली ती पहिली स्त्री. जयजयकार झाला, पण पाचच दिवसांनी ब्रिस्बेनला, हजारो लोकांसमक्ष, तीच जुनी खोड आडवी आली. मैदान मागे पडले, कुंपण आले आणि विमान उलटले. सुदैवाने तिला इजा झाली नाही. मला मात्र सत्कारांपेक्षा हाच प्रसंग अधिक लक्षात राहतो, कारण त्यानंतरही तिने उडणे सोडले नाही. १९३२ साली ती एकटीच केप टाउनला जाऊन आली.

दुसऱ्या महायुद्धात ती लष्कराची विमाने ठिकठिकाणी पोहोचवी. ५ जानेवारी १९४१ रोजी खराब हवेत ती वाट चुकली आणि तिने टेम्सच्या मुखाशी छत्रीने उडी घेतली. तिला वाचवायला बर्फगार पाण्यात शिरलेले जहाजाचे अधिकारी फ्लेचर दगावले. तिचा देह सापडलाच नाही. 'जेसन' लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.