बोनसच्या आधी घर आणि विश्वास: किर्लोस्करवाडीत १९१० मध्ये काय घडलं?

उंब्रज : कर्मचारी टिकावेत म्हणून कंपन्या आज बोनस, विमा, गिफ्ट व्हाउचर देतात. कराडच्या पुढे किर्लोस्करवाडीत हा प्रश्न १९१० मध्येच उभा राहिला होता.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. मेहनतीची दखल न घेतल्यावर माणूस कसा तुटतो, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं.

पुढे बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर. तिथली कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळरान दिलं. सोबत कर्जही. पण निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर नुसत्या पगारासाठी कोण येणार? म्हणून कारखान्याबरोबर कामगारांची घरंही उभी राहिली. वसाहतीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती.

सगळ्यात धाडसी निर्णय मात्र वेगळाच. तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्यांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. आजच्या एचआर पॉलिसीत हे बसणं अवघडच! कारखाना आणि झोपलेली बिऱ्हाडं, दोन्ही त्यांच्या भरवशावर.

कुंडल रोड स्टेशनचं नाव पुढे किर्लोस्करवाडी झालं.