हिवताप, रक्त आणि हाल्डेन

एखादा आनुवंशिक आजार लहान मुलांचा जीव घेत असेल, तर त्याचे जनुक काही पिढ्यांत नाहीसे व्हायला हवे. जी मुले मोठीच होत नाहीत, ती ते पुढे कशी नेणार? थॅलेसेमियाचे जनुक मात्र भूमध्य समुद्राकाठच्या काही भागांत असंख्य लोकांच्या रक्तात टिकून होते. या कोड्याच्या उत्तराची दिशा दाखवली जे. बी. एस. हाल्डेन यांनी.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डला झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ. खाणीतल्या विषारी वायूंचा अभ्यास करताना ते मुलालाही सोबत नेत. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून पाहण्याची सवय मुलाला तिथूनच लागली. शिक्षण झाले गणित आणि ग्रीक-लॅटिनचे; विज्ञानाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. पहिल्या महायुद्धात ते लढले आणि जखमी झाले.

एखादे जनुक समाजात किती वेगाने पसरते, याचे गणित १९२४ पासून ते मांडू लागले. त्यासाठी त्यांनी उदाहरण घेतले मँचेस्टरच्या पतंगांचे. कारखान्यांच्या काजळीने झाडे काळवंडली आणि सुमारे ५० वर्षांत फिकट पतंगांची जागा काळ्या पतंगांनी घेतली. इतका झपाट्याने बदल व्हायचा, तर काळ्या पतंगांची संतती फिकटांच्या सुमारे दीडपट टिकायला हवी, असे त्यांनी हिशेबाने दाखवले. काळा रंग मुळात चांगला किंवा वाईट नव्हता. काजळलेल्या झाडावर तो उपयोगी होता, एवढेच.

हाच विचार त्यांनी पुढे माणसाच्या रक्ताला लावला. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. थॅलेसेमियाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तर आजार गंभीर होतो. एकच सदोष असेल तर माणूस केवळ वाहक असतो आणि सहसा निरोगी राहतो. अशा वाहकाच्या लाल रक्तपेशी हिवतापाच्या जंतूला कमी मानवत असाव्यात, असा तर्क हाल्डेन यांनी मांडला. १९४९ मध्ये तो छापून आला. हिवतापाच्या प्रदेशात वाहक अधिक संख्येने जगतात. म्हणून काही मुले दगावली तरी जनुक टिकते. पुढे १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या वाहकांना हिवतापापासून संरक्षण मिळते, याचा पुरावा दिला.

जनुकांप्रमाणे कल्पनाही अनुकूल वातावरण मिळाले की फोफावतात, मग त्या खऱ्या असोत वा खोट्या. सोव्हिएत रशियात लायसेन्कोने आनुवंशिकीच नाकारली. सत्तेच्या पाठबळावर ती भ्रामक कल्पना पसरली आणि वाव्हिलोव्ह यांच्यासारखा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ १९४३ मध्ये तुरुंगात मरण पावला. हाल्डेन कम्युनिस्ट होते, वाव्हिलोव्ह यांच्या निमंत्रणावरून रशियाला जाऊन आलेले होते; तरीही लायसेन्कोचा उघड निषेध त्यांनी अनेक वर्षे टाळला. १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले. एवढ्या बुद्धिमान माणसालाही आपल्या गोटातली चूक वेळीच नाकारता आली नाही.

१९५७ मध्ये ते पत्नी हेलन स्परवे यांच्यासह कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. पुढे भुवनेश्वरला गेले, धोतर-कुडता घालू लागले आणि भारताचे नागरिक झाले. कर्करोग झाल्यावर त्यावर त्यांनी विनोदी कविता लिहिली आणि लोकांना वेळीच डॉक्टरकडे जाण्याचे आवाहन केले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरमध्ये त्यांचे निधन झाले. इच्छेनुसार त्यांचा देह काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

त्यांचा विचार महाराष्ट्रात आजही उपयोगी आहे. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या भागात सिकलसेलचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. वाहक असल्याचे कळले की रक्तच वाईट, अशी कुजबुज सुरू होते, लग्न मोडते आणि मग लोक तपासणीच टाळतात. खरे तर ज्याने हिवतापाच्या साथींत पूर्वजांना तगवले, तेच हे जनुक. त्यात लपवण्यासारखे काहीच नाही.

मात्र हिशेब लक्षात ठेवायला हवा. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही प्रती निर्दोष असण्याची २५ टक्के असते. एक जण सिकलसेलचा आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असला, तरी मुलाला आजार होऊ शकतो. म्हणून लग्नाआधी दोघांनीही रक्ततपासणी करून घ्यावी. ते राहून गेले असेल तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच करावी. नुसती पत्रिका जुळून हे कळत नाही.