रघूजी भोसले (पहिले)

रघूजी भोसले (मृत्यू: १४ फेब्रुवारी १७५५) हे मराठा सरदार व नागपूरच्या भोसले राज्याचे संस्थापक होते.

चुलते सेनासाहेबसुभा कान्होजी यांच्याशी न पटल्याने ते साताऱ्यास आले. छत्रपती शाहू महाराजांना शिकारीचा विलक्षण नाद होता. त्यांच्या लाडक्या शिकारी कुत्र्याची समाधी संगम माहुली येथे आहे. शिकारीतील धाडसामुळे रघूजी महाराजांच्या मर्जीस उतरले आणि राणीच्या माहेरच्या शिर्के घराण्यात त्यांचा विवाह झाला. हा घरोबा कान्होजींना महागात पडला. १७३०च्या सुमारास सेनासाहेबसुभा हे पद व वऱ्हाडची सनद रघूजींकडे आली. त्यांनी चुलत्यास वणी परिसरात पकडले. कान्होजी साताऱ्याच्या कैदेतच वारले.

सनद मिळाली तरी वऱ्हाड एकट्या रघूजींचे झाले नाही. १७२० मध्ये बाळापूरच्या लढाईत निजामाने आलम अलीखान व त्याच्या साहाय्यास गेलेली शाहूंची फौज यांचा पराभव केला होता. त्यामुळे या मुलखात दोअमली राहिली. निजामाचे अंमलदार व भोसल्यांचे कमाविसदार एकाच रयतेकडून वसूल घेत.

रघूजींनी पुढे नागपूर घेतले, बंगालवर स्वाऱ्या केल्या आणि १७५१च्या तहाने ओडिशावर ताबा मिळवला.