तुटलेला पाय परत उगवतो? स्पालांझानींनी मोजून पाहिलं

आमच्या गडचिरोलीत धानाच्या बांधीत बेडकाची शेपटीवाली पिल्लं वळवळतात. त्यांची शेपूट तुटली तर परत येते. मोठ्या बेडकाचा पाय मात्र गेला की गेलाच. असे फरक इटलीच्या लाझारो स्पालांझानी (१७२९–१७९९) यांनी तपासले. पेशाने पाद्री, पण जीव अडकलेला प्रयोगात. १७६८ मध्ये त्यांनी छापलं: सॅलमँडरला शेपूट, पाय, जबडासुद्धा नव्याने येतो. (हा शेपटीवाला उभयचर आपल्या जंगलात नाही, दार्जिलिंगकडे आहे.) तीन महिन्यांत त्यांनी तेच पाय सहादा कापले! मला हे क्रूरच वाटतं. पण मळणीयंत्रात बोट गेलेली माणसं मी पाहिलीत, म्हणून त्यांचा प्रश्न सोडवत नाही. बेडूक मोठा होताना ही ताकद का हरवतो, यावर संशोधन अजून चालूच आहे.