गावाच्या नावाने आडनाव, आडनावाने आजार : डॉ. मोरित्झ कापोशी

हंगेरी देशात कापोश नदीच्या काठी कापोशवार नावाचं गाव आहे. तिथल्या एका गरीब ज्यू कुटुंबात २३ ऑक्टोबर १८३७ रोजी मोरित्झ कोन यांचा जन्म झाला. शिकायला ते व्हिएन्ना शहरात गेले आणि १८६१ मध्ये डॉक्टर झाले. त्वचारोगांचे नावाजलेले डॉक्टर फर्डिनांड हेब्रा यांच्या हाताखाली ते तयार झाले, पुढे त्यांचेच जावई झाले. व्हिएन्नात कोन आडनावाचे डॉक्टर भरपूर. घोळ नको म्हणून १८७१ मध्ये त्यांनी गावावरून कापोशी आडनाव लावलं.

पुढच्याच वर्षी त्यांनी पाच रुग्णांची हकीकत छापली. सगळे उतारवयाकडे झुकलेले पुरुष. सुरुवात पायावरच्या निळसर-जांभळ्या डागांनी व्हायची, मग गाठी यायच्या, हळूहळू अंगभर पसरायच्या. एकाचं शवविच्छेदन केलं तर आतड्यातही गाठी निघाल्या. दोन-तीन वर्षांत माणूस जातो आणि यावर इलाज नाही, हे कापोशींनी स्पष्ट लिहिलं. कारण कळलेलं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. आजाराच्या नावातच तसा शब्द घातला.

६ मार्च १९०२ रोजी ते वारले. आजाराला त्यांचंच नाव मिळालं : कापोशी सार्कोमा. रक्तवाहिनीला आतून जे पातळ अस्तर असतं, त्या पेशींचा हा कॅन्सर. डागांचा रंग येतो तो गाठीत साचलेल्या रक्तामुळे.

१९८१ मध्ये अमेरिकेत हाच म्हाताऱ्यांचा दुर्मिळ आजार तरण्या पोरांना होऊ लागला. डॉक्टर चक्रावले. कापोशींनी लिहिलेला आजार माहीत होता, म्हणूनच हे काहीतरी वेगळं चाललंय हे लक्षात आलं. एड्सच्या पहिल्या चाहुलींपैकी ती एक होती. कारण सापडायला मात्र १९९४ उजाडलं. या गाठींमागे एक विषाणू असतो आणि प्रतिकारशक्ती खचली की तो डोकं वर काढतो.

आज एचआयव्हीची औषधं सरकारी एआरटी केंद्रात मोफत मिळतात. ती वेळेवर घेतली तर बऱ्याच रुग्णांचे हे डाग ओसरतात. आपल्याकडे हा आजार क्वचितच दिसतो आणि प्रत्येक डाग कॅन्सरचा नसतो. पण न दुखणारा, न खाजणारा जांभळा डाग महिनाभरात गेला नाही, तर पाला चोळत बसू नये. डॉक्टरांना दाखवावा.