अल्पिष्टनसाहेब आणि देवस्थानांची इनामे

पेशवाई गेली, राज्य परक्यांचे झाले. तरी कित्येक देवस्थानांची दिवाबत्ती व नैवेद्य पूर्वीच्या इनामांवर चालूच राहिले. असे का घडले, याचे उत्तर एका इंग्रज मुलकी अधिकाऱ्याच्या चरित्रात सापडते. ते म्हणजे माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, आपल्या पूर्वजांच्या तोंडचे अल्पिष्टनसाहेब.

त्यांचा जन्म १७७९ साली स्कॉटलंडमधील एका उमराव घराण्यात झाला. वडिलांचे ते चौथे पुत्र. १७९६ साली ते कंपनीच्या मुलकी नोकरीत कलकत्त्यास दाखल झाले. १७९९ साली काशी येथे वजीर अलीने केलेल्या कत्तलीतून ते घोड्यावरून निसटले, म्हणून वाचले. १८०१ साली पुण्याच्या रेसिडेंटाचे मदतनीस म्हणून त्यांचे पाऊल महाराष्ट्रात पडले. १८०३ मध्ये असईच्या लढाईत ते वेलस्लीच्या सोबत होते. पुढे काही वर्षे नागपूरची रेसिडेन्सी सांभाळून ते काबूलच्या शहाकडे वकील म्हणून गेले. १८०९ साली पेशावर येथे शहाची भेट झाली. या प्रवासावर त्यांनी लिहिलेला काबूल राज्याविषयीचा ग्रंथ १८१५ साली प्रसिद्ध झाला.

१८११ पासून ते पुण्यास रेसिडेंट होते. १८१५ साली पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला आणि एल्फिन्स्टननी त्रिंबकजी डेंगळे यांना कंपनीच्या हवाली करावयास लावले. तेथून बाजीरावांशी बिनसत गेले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्या दिवशी संगमावरील रेसिडेन्सी जळाली आणि तीत साहेबांचा ग्रंथसंग्रहही गेला. परंतु पंधरवड्याच्या आत पुणे इंग्रजांच्या हाती पडले.

पुढचा प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. सातारचा किल्ला घेतल्यावर ११ फेब्रुवारी १८१८ रोजी त्यांनी जाहीरनामा काढला. वतने, इनामे, वर्षासने आणि देवधर्माची नेमणूक यांना धक्का लागणार नाही, कोणाच्या धर्मात हात घातला जाणार नाही व मामलतीचा मक्ता बंद होईल, अशी हमी त्यात होती. यात राजकारण होतेच. बाजीराव अद्याप हाती लागले नव्हते व लोकांनी त्यांची बाजू सोडावी, हा हेतू उघड होता. मात्र लढाई संपल्यावरही साहेबांनी हे धोरण टाकले नाही. दक्षिणचे कमिशनर म्हणून त्यांनी पाटील-कुलकर्णी, गावगाडा व पंचायत शक्य तितकी जुन्या वहिवाटीने चालू ठेवली. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्यास गादीवर बसविण्यात आले. मृदू राज्यकर्ते म्हणून त्यांचा लौकिक असला, तरी कट उघडकीस येताच त्यातील प्रमुखांना त्यांनी तोफेच्या तोंडी दिले, हेही विसरता येत नाही.

१८१९ ते १८२७ ते मुंबईचे गव्हर्नर होते. पेशव्यांची लाखोंची दक्षिणा त्यांच्या अमलात ५० हजारांवर आली. पण ती अजिबात बंद झाली नाही. तिच्यातील काही रक्कम खर्चून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. त्यांच्याच आश्रयाखालील संस्थेत सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्यासारख्या विद्वानांनी मराठी शालेय पुस्तके सिद्ध केली. १८२७ साली कायद्यांची संहिताही तयार झाली. त्याच साली साहेब परत निघाले, तेव्हा मुंबईकरांनी दोन लाखांहून अधिक रुपये जमविले. त्या निधीतून एल्फिन्स्टन कॉलेजचा पाया घातला गेला.

गव्हर्नर जनरलचे पद दोनदा चालून आले असता त्यांनी नाकारले. ते अविवाहित राहिले. १८४१ साली त्यांचा हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध झाला. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले, सनदा तपासल्या जाऊ लागल्या आणि अनेक घराण्यांची इनामे खालसा झाली, तेव्हा ते इंग्लंडात निवृत्त जीवन जगत होते. २० नोव्हेंबर १८५९ रोजी त्यांचे निधन झाले.

ज्यांनी आमचे स्वातंत्र्य घेतले, त्यांचे उपकार मानण्याचे कारण नाही. देवळांना जमिनी दिल्या त्या आपल्या राजांनी, सरदारांनी व गावकऱ्यांनी. साहेबांनी पदरचे काही दिले नाही. पण दुसऱ्याने देवाला वाहिलेले हिरावूनही घेतले नाही. हाती सत्ता असता एवढा संयम पाळणे सोपे नसते. देवस्थानचा कारभार पाहणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्यापासून एवढे तरी अवश्य घ्यावे.